फेर्मिनकाकांचं तिखट

फेर्मिन अपोदाका दर मंगळवारी आमच्या हॉटेलात पाऊल टाकायचे ते विचारतच, "आज मिरची कशी आहे? का गेल्या वेळेसारखी काकडी?" मग टेबलाशी बसल्यावर चार टेबलं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "मला हिरवी. आणि पोर्फिरिओला म्हणावं, हात आखडू नकोस." पोर्फिरिओ आमचा आचारी. तो आतूनच झारा आपटून उत्तर द्यायचा.

'ला नोरिया'त वाढायचं काम करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. आमचा सगळा नदीकाठ मिरचीचा. इथं गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, लाल का हिरवी, आणि कुणी 'दोन्ही नको' म्हणालं तर लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. अशा गावात अपोदाका हे नाव मोठं. काकांचे वडील त्रिनिदाद सकाळी अंड्याबरोबर कच्ची मिरची मुळ्यासारखी कचाकचा खायचे म्हणतात. खेचरगाडीत मिरच्यांच्या ढिगावर बसलेला त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, आणि काकांची ठरलेली खुर्ची बरोबर त्या फोटोखाली.

तर या फेर्मिनकाकांना मिरची चालत नव्हती. कमी चालत होती असं नव्हे. बोट लावून जिभेला टेकवलं तरी कानशिलं लाल व्हायची.

मला हे पहिल्याच महिन्यात कळलं. काका एन्चिलादा मागवायचे, म्हणजे तोर्तियाच्या मक्याच्या पोळीत चीज गुंडाळून वर हिरव्या मिरचीचा रस्सा. त्यांची बायको देल्फिनाकाकू पोटावर हात ठेवून, पडेल आवाजात, विनामिरचीच्या चीज एन्चिलादा मागवायच्या. ताटं उचलायला गेले की काकांच्या मिशीला नुसतं पांढरं चीज लागलेलं असायचं आणि हिरव्या ताटातल्या काट्यावर काकूंच्या ओठांची लाली. मी धावत जाऊन पोर्फिरिओला सांगितलं. तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "सहा वर्षं झाली मला ठाऊक आहे. हिरवं ताट बाईंचं धरूनच करतो मी. त्यांना लसूण जास्त लागतो. आता तोंड मिटून ठेव."

मी मिटून ठेवलं. पुढं काकूंनीच एकदा, काका गाडी लावायला गेले असताना, सगळं सांगितलं. काका सात वर्षांचे असताना मिरची तोडायला आलेल्या सगळ्या माणसांसमोर जेवताना रडले होते. बापानं ताट ओढून घेतलं आणि म्हणाला, अपोदाकाच्या घरात मिरची खाऊन डोळ्यांत पाणी आणायचं नाही. त्या दिवसापासून पोरगं शिकलं. घास गालात धरायचा, बाहेर जाऊन कुत्र्याला घालायचा. कुत्रं अपोदाकांचं होतं, त्याला चालायचं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी काकूंनी नवऱ्याला मोरीत जिभेवर पाणी ओतताना पकडलं. त्या हसल्या नाहीत. जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "मीठ बघू," आणि त्याचं ताट आपल्यापुढं ओढलं. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं बाहेर कुठंही गेलं की काकू मीठ बघत होत्या.

त्यापायी काकूंच्या पोटाचं दुखणं गावभर झालं. खरं तर त्या बाईचं पोट म्हणजे लोखंडी पिंप. पण चर्चच्या जत्रेत त्यांच्या हातात आवर्जून उकडलेला बटाटा दिला जायचा. फादर दर रविवारी आजाऱ्यांबरोबर त्यांच्याही पोटासाठी प्रार्थना करायचे. आणि काकांची थोरली बहीण कुका, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बापाच्या मिरचीची अखेरची पहारेकरीण, ती दर नाताळला वाळलेल्या फुलांच्या काढ्याच्या पुड्या आणून द्यायची आणि सुस्कारा टाकायची, की भावाच्या नशिबी अशी नाजूक बाई आली.

काका स्वतः माणूस सरळ. एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचे. कुणाला उणं बोलायचे नाहीत. तेवढं मिरचीपुरतं मात्र त्यांच्या अंगात त्रिनिदाद यायचा.

गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी सगळं कुटुंब जेवायला आलं. काकांची नात मारिसेला होणाऱ्या नवऱ्याला दाखवायला घेऊन आली होती. मुलगा नेब्रास्काचा, नाव वेंडेल, उंची दाराला टेकेल एवढी, भुवया पांढऱ्या. आजोबांबद्दल त्यानं इतकं ऐकलं होतं की बिचारा दीड महिना घरी मिरची खाऊन सराव करत होता. आमची भाषाही शिकत होता. मी ऑर्डर घ्यायला गेले तेव्हा काकांचं नेहमीचं झालं, हिरवी, हात आखडू नकोस. मी वेंडेलकडे वळले तर तो छाती पुढं काढून म्हणाला, "मी आजोबा खातो."

"सावकाश खा बाबा," कुकाआत्या म्हणाली. "म्हातारा आहे, चिवट लागेल."

सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्यानं हसले. हसणं ओसरलं तशा काकू म्हणाल्या, "मला नुसता भात आणि कोंबडीचं पातळ सूप. चीज नको, तळलेलं नको, मिरची नको. पित्ताशयात खडे निघालेत. शुक्रवारी डॉक्टरनं सांगितलं."

यावर कुणी दचकावं, तर कुणाचं मेन्यूकार्डसुद्धा खाली आलं नाही. मुलगा रामिरो म्हणाला, "हो आई, तुझं पोट आम्हाला माहीत आहे." आणि त्यानं तोर्तिया मागितल्या. चव्वेचाळीस वर्षं खोटं दुखणं सगळ्यांनी मनावर घेतलं, आणि खरं आलं त्या दिवशी कुणी मान वळवली नाही. वळवली ती एकट्या काकांनी. त्यांचा चेहरा मी पाहिला. आधी बायकोची काळजी दिसली, मग पोर्फिरिओ आत काय रांधतोय ते आठवलं.

मी आत जाऊन पोर्फिरिओला म्हटलं, हात आखड. तो म्हणाला, उशीर झाला. नातजावयासाठी म्हणून त्यानं त्या दिवशी नव्या, सगळ्यांत जहाल मिरच्या निवडून काढल्या होत्या.

ताटं गेली. वेंडेलनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि पुढं शांतपणे जेवू लागला. घाम टपकत होता, पण गडी खात होता. काकांनी काट्यानं मिरची बाजूला केली, मग परत आणली. एक गोष्ट सांगितली. मग आणखी एक सांगितली. काटा खाली पाडला आणि दुसरा मागवला. हात धुऊन आले. हात धुवायला जाताना मोरीच्या दाराशी मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, की आग लागल्याची घंटा वाजवायची झाली तर ती कुठं असते. मी म्हटलं, काका, ती बंद पडून दोन वर्षं झाली. ते म्हणाले, मी दुरुस्त करतो.

परत येऊन बसले तोवर कुकाआत्याचं लक्ष गेलंच. "फेर्मिन, पोरगं निम्मं ताट संपवून बसलं. तुझं गार झालं की."

तेव्हा काकूंनी सूप बाजूला सारलं. सवयीनं म्हणाल्या, "बघू, मीठ बघते," आणि हिरवं ताट पुढं ओढून काटा भरला. मी पाण्याचा जग घेऊन मागं उभी होते. काटा ओठांपर्यंत गेला होता. काकांनी बायकोचं मनगट धरलं.

"ठेव खाली," ते म्हणाले. "डॉक्टरनं नको म्हटलंय ना? ठेव." मग टेबलाकडे बघून म्हणाले, "हिला मिरची चालायची. आजवर माझ्या ताटातली सगळी हिनंच खाल्ली. मला चालत नाही. कधीच चालली नाही."

मला वाटलं आता काहीतरी कोसळणार. पण कुणाचा विश्वासच बसला नाही. रामिरोच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "बाबा, आईला एकटं वाटू नये म्हणून तुम्ही एवढं बोलता. पण आजोबांच्या फोटोखाली बसून कशाला?" मारिसेलानं वेंडेलचा हात दाबला, म्हणाली, बघ, असं प्रेम असतं. वेंडेलनं मान हलवली आणि नाक पुसलं.

काका हतबल झाले. खोटं चव्वेचाळीस वर्षं चाललं, खरं मिनिटभरसुद्धा चालेना. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, काटा उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडभर घास घेऊन चावला.

पहिल्यांदा कान लाल झाले. मग उचकी लागली. एक, दोन, सात. डोळ्यांतून नाकातून धारा लागल्या, मिशी भिजली. त्यांनी स्वतःचं पाणी संपवलं, कुकाआत्याचं संपवलं, माझ्या हातातला जग मागितला. वेंडेलनं आपला ओर्चाताचा, तांदळाच्या गोड दुधाचा, पेला पुढं केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून तान्ह्या बाळासारखा प्यायला. पोर्फिरिओ झारा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. पाहून आत गेला.

उचक्या थांबल्यावर पहिली बोलली ती कुकाआत्या. "माझ्या काढ्याच्या पुड्या?"

"यांनीच प्यायल्या," काकू म्हणाल्या. "झोप छान लागते म्हणतात."

आत्यानं पर्स उचलली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. पण जाताना आपलं लाल मिरचीचं ताट बरोबर नेलं. रामिरो कपाळाला हात लावून आजवरची आठवण काढत होता, जत्रा, बारशी, त्याचं स्वतःचं लग्न, दर ठिकाणी आई मीठ बघत होती. मग त्याला एकाएकी दुसरं काही सुचलं. "म्हणजे आई, तू खरंच आजारी आहेस?"

"मघापासून तेच सांगतेय," काकू म्हणाल्या. तेव्हा कुठं सगळ्यांनी खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती गर्दी केली.

गावात व्हायचं ते झालं. मिरची भाजायच्या भट्टीपाशी बसणाऱ्या मंडळींनी काकांचं नाव 'लापशी' ठेवलं. पंधरा दिवस चाललं, मग त्यांच्यातल्या एकाच्या ट्रकनं डोंगराच्या वाटेवर मान टाकली आणि काकांशिवाय तो कुणाला सुरू होईना, तेव्हा नाव मागं पडलं. कुकाआत्यानं भावाशी बारा दिवस अबोला धरला. तेराव्या दिवशी फोन करून एवढंच विचारलं, की बाबांना माहीत होतं का. काका म्हणाले, मला वाटतं, असावं. ते कुत्रं दिवसेंदिवस फार लठ्ठ होत होतं.

नोव्हेंबरात काकूंचं ऑपरेशन झालं. फादरनी आधीच्या सगळ्या प्रार्थना आगाऊ जमा धरल्या. जानेवारीत डॉक्टरांनी हळूहळू सगळं खायला परवानगी दिली, आणि त्या मंगळवारी दोघं आली. काकूंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मला हिरवी. लसूण जास्त." जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मागवलेलं ताट पुढं आलं तर थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग मान खाली घालून शेवटच्या घासापर्यंत जेवल्या.

काका मात्र बदलले. आता ते उघडपणे विनामिरचीचं मागतात, आणि त्या ताटात त्यांना शंभर खोड्या दिसतात. चीज रबरासारखं आहे. बीन्स फार घट्ट. तोर्तिया मागच्या मंगळवारी जास्त मऊ होती. परवा म्हणाले, या एन्चिलादांना काही चवच नाही.

मी म्हटलं, "काका, याच एन्चिलादा तुम्ही इतकी वर्षं खाताय."

"तेव्हा त्या हिच्या होत्या," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या ताटाला नावं कशी ठेवायची?"

मी आत जाऊन निरोप सांगितला. पोर्फिरिओनं तव्यावरची तोर्तिया उलटली आणि म्हणाला, "खोटं बोलत होता तेव्हा बरा होता." पण मीठ वाढवलं.