गळलालाय, पाव्हणं

आमचे व्याही लिंबाजीराव कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढायचे आणि मग नळाखाली बोट फिरवायचे. उजव्या हाताचं मधलं बोट, तेही उलट्या बाजूनं. ते डोळ्यांसमोर धरून बघायचे. कोरडं असलं तर मुकाट बसायचे, ओलं असलं तर घरधन्याला सांगून बसायचे. नळ हाताशी नसला तर माठ. आता माठ हा पाझरणारच, तरी बोट फिरायचंच.

माझी त्यांची पहिली गाठ पडली तीच मुळी अशी. माझ्या अश्विनीला बघायला ती मंडळी आमच्याकडं महाळुंग्याला आली होती. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, मुलगा खाली मान घालून बसला होता, आणि मुलाचा बाप उठून माझ्या अंगणात. परत आला तो सगळ्यांदेखत म्हणाला, "नळ गळलालाय, पाव्हणं."

ते मूळचे मराठवाड्यातले. आम्ही 'गळतोय' म्हणतो, ते 'गळलालाय' म्हणत. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. म्हटलं, हा माणूस पोरगी बघायला आलाय का घर तपासायला? मी सांगितलं, "गळू द्या. आमची विहीर हाय."

ते म्हणाले, "असू द्या की. बादली ठिवा मग खाली. विहिरीला काय पाय हायेत व्हय, ठिबकं गोळा करायला?"

तरी सोयरीक जमली, कारण मुलगा चांगला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी हा माणूस पाना घेऊन आला आणि न विचारता माझा नळ आवळायला बसला. नळ मुळासकट त्यांच्या हातात आला. मांडवभर पाणी. सगळे धावले, आणि हे नळ हातात धरून शांतपणे म्हणाले, "आता ठिबकायचा नाही." मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मी नवा नळ बसवला, तोही पुढं गळायला लागला. लिंबाजीरावांना जाऊन आता वर्ष होत आलं. माझा पोरगा म्हणतो नळ बदलू. मी म्हणतो, राहू दे.

उभी हयात त्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात टाक्या तपासण्यात काढली. टाकीत हवा भरायची, टाकी पाण्यात बुडवायची आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की माल नापास. मी एकदा टोमणा मारला, "म्हंजी पगार बघत बसायचा म्हणा की." तर म्हणाले, "व्हय. पण बघत बसणं समद्यांला जमंना. तुम्हाला तर मुळीच जमायचं नाही." त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "गळतं ते बोलत नसतंय, ओल बोलती." दुसरं वाक्य त्याहून लहान. "गार होऊ द्या." चहा असो, भांडण असो, काहीही असो, गार होऊ द्या. मला त्या वाक्याचा राग यायचा. आमच्या घराण्यात कुणी काही गार होऊ दिलेलं नाही.

आता गाडीचं सांगतो. आमची जमीन कारखान्यांना गेली तेव्हा मी गाडी घेतली. जमीन गेली, तिच्यातली ही एवढी चार चाकांवर उरली, असं मी समजतो. अश्विनी सासरी गेली ती याच गाडीनं. आणि मी तेव्हाच सगळ्यांपुढं बोललो होतो, पहिल्या बाळंतपणाला पोरीला आणीन तो याच गाडीनं.

पोरीला दिवस गेले, सातवा लागला, आणायचा दिवस ठरला. आणि नेमकी गाडी अंगणात हिरवं पाणी सोडायला लागली. इंजिन गार ठेवणारं पाणी ते. सकाळी बघावं तर गाडीखाली थारोळं. पोरगा म्हणाला, "आबा, ही आता भंगारात द्या. माझी गाडी न्या." मी बॉनेट उघडलं. एका ट्रकवाल्यानं मला पूर्वी सांगितलं होतं, रेडिएटरमध्ये हळद टाकली की भोक बुजतं. आमची ही स्वयंपाकाच्या हळदीला हात लावू देईना, म्हणून लग्नातली उरलेली हळद काढली आणि ओंजळभर ओतली. महाळुंग्यापासून मोशीपर्यंत एक थेंब गळला नाही. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

मोशीच्या पुढं इंजिनाच्या तापाचा काटा चढायला लागला. चिंचवडला व्याह्यांच्या दारात गाडी उभी केली तेव्हा बॉनेटखालून वाफ निघत होती. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात लिंबाजीरावांनी माझं मनगट धरलं.

"गार होऊ द्या."

"मला घाई हाय. तिन्हीसांजेच्या आत पोरगी वेशीच्या आत पायजे." गर्भारशीनं तिन्हीसांजेला वेस ओलांडू नये, असं आमच्यात आहे.

"घाई तुम्हाला हाय. गाडीला नाही."

जावई कामावर होता. आम्ही दोघं पायरीवर बसलो. वैशाखाचं ऊन. अश्विनी सवयीनं ताटलीत पाण्याचे दोन पेले घेऊन आली. मी तिच्याकडं नुसतं बघितलं. मुलीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या दारात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. माझ्या बापानं पाळलं, मी पाळतो. आता कोण पाळतं, असं कुणी म्हणेल. मी पाळतो. तिनं दुसरा पेला सासऱ्यापुढं धरला, "अण्णा, घ्या." ते म्हणाले, "ठिव आत." मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

झाकण हाताला सोसेल इतकं झाल्यावर त्यांनी ते उघडलं. आत पिवळा फेस. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, गाडीला हळद लावली व्हय?"

"गळती थांबली व्हती."

"थांबणारच की. समद्या नळ्याच बुजल्या, पाणी फिरंल कुठून? आणि मला एक सांगा, नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडं जाती. हिची कुणाकडं धाडू? समोरच्यांचा टेम्पो हाय, पण वयात लई फरक पडंल."

आत अश्विनी हसली. मला ऐकू यावं इतपत हसली.

त्यांनी गाडीखाली जुनं पांढरं धोतर पसरलं, रेडिएटर खालून मोकळा केला, सगळं पिवळं पाणी घमेल्यात काढलं. धुवायला पाणी हवं होतं. मी घरून विहिरीचं कॅन भरून आणलं होतं, तेच ओतायला लावलं. हळद निघता निघेना. पिवळं, मग फिकं पिवळं, मग एकदाचं स्वच्छ. त्यात कॅन संपलं. धुतानाच धोतरावर एका जागी ओल उमटली होती. त्यांनी बोट वर नेलं, नळीवरून सावकाश फिरवलं आणि खालच्या जाड रबरी नळीच्या तोंडाशी थांबले. जिथं पट्टी आवळलेली असते, तिच्याच खाली चीर होती. वरून कुणालाही दिसली नसती. नळी जराशी लांब होती, म्हणून त्यांनी चिरलेलं टोक ब्लेडनं कापून टाकलं, नळी पुन्हा चढवली, पट्टी आवळली. पट्टी आवळताना मी म्हणालो, "जपून. आमचा नळ आठवतोय ना?" ते गालात हसले.

आता आत पाणी भरायचं. त्यांनी बादली उचलली आणि नळाकडं निघाले.

मी म्हणालो, "तुमच्या घरचं नको."

"अहो, तुम्ही नका पिऊ. गाडीला तर पाजू द्या. गाडीनं काय मला पोरगी दिली व्हय?"

"गाडी माझी हाय. मी पीत न्हाई, तर ती बी पिणार न्हाई."

बादली तशीच हातात. ऊन कलायला लागलं होतं. अश्विनी दारात आली. "आबा, पुरे आता. मी रिक्षानं येते." मी म्हणालो, "रिक्षानं न्यायला मी काय परका हाय?" तिचे डोळे भरले. माझी जीभ टाळूला चिकटली होती, तरी मी बसलो होतो तसाच बसलो. मनात कळत होतं की अजून तासाभरानं पोरीचं आजचं येणंच राहील, आणि ते माझ्यामुळं राहील. पण शब्द मागं घ्यायचा म्हणजे कुठून घ्यायचा?

दुसरा कुणी असता तर वाद घातला असता. लिंबाजीरावांनी बादली पालथी घातली, चप्पल पायात सरकवली आणि गेले. आले ते दुकानातला हिरव्या पाण्याचा डबा घेऊन. बाहेरूनच म्हणाले, "सीलबंद हाय, पाव्हणं. हे ना माझ्या नळाचं, ना तुमच्या विहिरीचं. आता तर चालंल?"

मी मान डोलावली.

डबा ओतून झाल्यावर इंजिन चालू करायला लावलं, त्या उन्हात हिटरही लावायला लावला, आणि स्वतः उघड्या तोंडाशी बघत उभे राहिले. आतून बुडबुडे यायला लागले. मी दचकलो. "बुडबुडा आला. नापास की वो."

"कंपनीत नापास. इथं येऊ द्या. नळ्यांत, हिटरात अडकलेली हवा हाय, निघू द्या. समदी निघाली की आपण झाकण लावू." बुडबुडे थांबेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी झाकण लावलं, नळीखालून बोट फिरवलं आणि ते बोट या वेळी माझ्या डोळ्यांसमोर धरलं. कोरडं होतं.

आम्ही निघालो. मोशीला एका टपरीवर मी गाडी थांबवली, पाण्याची बाटली घेतली, झाकण पिरगाळलं. अश्विनी म्हणाली, "आबा, अण्णापण दिवसभर पाणी प्यायले नाहीत. दोनदा दिलं, दोनदा परत केलं. म्हणाले, पाव्हणं माझ्या दारात तहानलेलं बसलंय, माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

मी झाकण परत लावलं. ती बाटली घरापर्यंत तशीच आली.

दिवेलागणीच्या आत वेशीत शिरलो. हिनं पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गाडीखाली वाकून मी बोट फिरवून बघितलं आणि फोन लावला.

"पोचलो."

"गळलालाय का?"

"न्हाई."

"मग प्या आता पाणी."

"आधी तुमी."

पलीकडं माठाचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं. मग तांब्याचा आवाज आला, आणि घटाघटा पिण्याचा. पार तळापर्यंत पिऊन झाल्यावर त्यांनी "हं" केलं. मग मी बाटली उघडली.