डच गुलाबाची ओळ

शेवंतीचा वास आला की मला मार्केट यार्डातलं फुलांच्या अडत्याचं ते ऑफिस आठवतं, जमिनीवर पाकळ्यांचा चिखल आणि कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर. फुलांच्या भावांचा तक्ता रोज वेडावाकडा दिसायचा, म्हणून मी कमांड लाइनवर चालणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, लिहिली. ती चालवली की नाव, आवक आणि भाव आपापल्या रकान्यात सरळ उभे राहायचे. मालकांच्या पुतण्याने ती स्वतःची म्हणून सगळ्यांना सांगितली. मी विचारलं, तर हसून म्हणाला, "अगं, टायपिंग तूच केलंस ना!" मी पुन्हा भाव भरायला लागले. दसऱ्याआधी सगळ्या अडत्यांना तो मोठ्या पडद्यावर स्क्रिप्ट दाखवायला उभा राहिला. त्या दिवशी यादीत 'डच गुलाब' नव्याने आला होता. मोकळी जागा दिसली की स्क्रिप्ट नवा रकाना धरायची, त्यामुळे 'गुलाब' आवकेखाली गेला आणि आवक भावाखाली. मला हे सकाळीच दिसलं होतं. अडते हसायला लागले, तो घामाघूम होऊन माझ्याकडे बघू लागला. "अहो, आपणच लिहिलीय ना? मग आपणच सांगा," मी म्हणाले आणि चहा संपवला. शेवटी मालकांनी मला पुढे बोलावलं. मोकळ्या जागेवर नाही, दोन रकान्यांमध्ये टॅबची खूण असते तिथेच ओळ तोड, एवढंच मी स्क्रिप्टला सांगितलं. ओळ सरळ झाली, आणि स्क्रिप्ट कुणाची हेही सगळ्यांना कळलं. नंतर जिन्यात गाठून तो हळूच "सॉरी" म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणा," मी म्हटलं. अजून म्हटलेलं नाही, आणि मलाही घाई नाही.