आडवी बैठक

भोर डेपोत मी वाहक होते. पैशाची बॅग खांद्याला, तिकिटाचं मशीन हातात आणि हिर्डोशीची गाडी, असं माझं बरंच आयुष्य उभ्यानं गेलं. त्या रस्त्याला वळणं फार. बसलेली माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, पण मी कशाला न धरता मागच्या सीटपर्यंत तिकिटं फाडत जायची. त्याचा मला थोडा ताठाही होता.

ताप आला तो सगळ्या घराला आला. मालक, पोरं, थोरल्या जाऊबाई, सगळेच अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे, जाईल." आणि खरंच गेला. एकेक जण उठला नि कामाला लागला. मीही उठले, खाकी ड्रेस चढवला आणि ड्युटीवर गेले. हिर्डोशीची एक फेरी केली. परत भोरला गाडी लागली, माणसं उतरली, पण मला पायरी उतरता येईना. चालकानं हात धरून खाली घेतलं आणि बाकड्यावर बसवलं. मालक येईपर्यंत मी तशीच भिंतीला टेकून होते.

पुढं हेच चालू झालं. एखाद्या दिवशी बरं वाटायचं. मग मी भांडी घासायची, अंगण झाडायची, परसात दोन रोपं लावायची. दुसऱ्या दिवशी अंग शिशासारखं जड. उजेड सोसायचा नाही, कुणी जोरात बोललं तरी डोकं भणभणायचं, घास चावायचासुद्धा कंटाळा यायचा. झोप लागायची, पण झोपून उठले की झोपण्याआधी होते त्याहून जास्त दमलेली असायची. रक्त तपासलं, फोटो काढले, हृदयाची पट्टी काढली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाई खोटारडी, हे गावात सांगावं लागत नाही.

जाऊबाई मनानं वाईट नव्हत्या. माझं ताट त्याच उशाशी आणून ठेवायच्या. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकायच्या. पण ताट ठेवता ठेवता बोलायच्या, "दमणं कुणाला चुकलंय गं? मीबी दमते की. पर म्या आशी निजून ऱ्हायले तर गुरांना वैरण कोण घालंल?"

मी भिंतीकडं तोंड करायची.

मग भोरच्या डॉक्टरांनी एक दिवस सांगितलं, की तापानंतर ज्यांचा थकवा जातच नाही, अशा लोकांचा पुण्यात अभ्यास चालला आहे. "औषध मिळेलच असं नाही, पण जाऊन बघा." औषधाचं मी फारसं मनावर घेतलं नाही. ह्याला काहीतरी म्हणतात, कुणीतरी ह्याचा अभ्यास करतं, एवढ्यावरच मला रडू फुटलं.

पुण्याला मालकांबरोबर गेले. तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. रक्त घेतलं, लांब व्हरांड्यातून चालायला लावलं, आणि पुष्कळ प्रश्न विचारले. जिना चढता येतो का? येतो. स्वयंपाक करता येतो का? येतो. बाजार आणता येतो का? येतो. मी सगळ्याला हो म्हटलं. त्या दिवशी ते खरंच होतं.

घरी आले आणि आडवी झाले, ती झालेच. मालकांनी खिडकीला चादर बांधली. पुढचा बरा दिवस यायला किती वेळ गेला ते आता आठवत नाही. पण मी अजून अंथरुणातच होते तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला, की पुढच्या तपासणीला कधी येताय.

मी म्हणाले, "मॅडम, माफ करा. माझं नाव काढून टाका. मला जमायचं नाही."

"का हो ताई? आमचं काही चुकलं का?"

"नाही. तुमच्याकडं येऊन गेले ना, तेच अजून निस्तरतेय. तुम्ही व्हरांड्यात चालताना बघितली ती बाई खरी. पण दुसऱ्या दिवशीची बाई तुम्ही बघितलीच नाही."

मला वाटलं, आता रागावतील. पण त्या म्हणाल्या, "तिला बघायला मी आले तर चालेल?"

त्या आल्या, त्याही एसटीनं. फाट्यावर उतरून, बांधाबांधानं विचारत, चपला हातात घेऊन आल्या, कारण खाचरात चिखलणी चालू होती. माझ्या उशाशी जमिनीवरच बसल्या. मला फार बोलायला लावलं नाही. जाऊबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनाच म्हणाल्या, "आक्का, तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय दिसतं?"

आमच्या जाऊबाईंना असलं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या पदर खोचून खालीच बसल्या. "आता खरं सांगू का? पाव्हणं आलं की ही चांगली आसती. हासती, बोलती, चा करती. पाव्हणं गेलं की दुसऱ्या दिशी मुडदा पडल्यावानी पडती. म्हनून आमाला वाटायचं..." आणि त्या थांबल्या.

"की ही सोंग करते," डॉक्टरबाईंनीच वाक्य पुरं केलं. "आक्का, तुम्ही आत्ता जे सांगितलंत ना, तोच हा आजार. झेपलं असं वाटतं, आणि त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करावी लागते. तुम्ही अगदी बरोबर बघितलंय."

जाऊबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग कप उचलून आत गेल्या. नंतर बऱ्याच वेळानं आल्या आणि माझ्या पायांना तेल लावत बसल्या. त्यांच्या तोंडून वैरणीचा शब्द मी पुन्हा कधी ऐकला नाही.

जाताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "भोर-वेल्ह्याकडचे आणखी काही पेशंट आहेत. सगळ्यांना एकदा भेटायचंय. प्रश्न कसे विचारायचे, ते तुम्हा लोकांनाच विचारायचंय. बैठक कशी घेऊ?"

मी म्हणाले, "भोरलाच घ्या. खुर्च्या मांडू नका, सतरंज्या घाला. उशी ज्यानं त्यानं आणावी. माइक नको. आणि कुणी बोलता बोलता झोपलं तर वाईट वाटून घेऊ नका."

त्या हसल्या, पण केलं तसंच. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत पडदे ओढून आम्ही सगळे ओळीनं आडवे झालो. पहिल्यांदा लाज वाटली, परक्या माणसांत असं पाय पसरून पडायची. डॉक्टरबाई खुर्चीवर होत्या. जरा वेळानं त्यांनाच ते बरं वाटेना, त्याही खाली येऊन आडव्या झाल्या. सगळ्यांचं तोंड आढ्याकडं. समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणूस मोकळं बोलतं.

गुंजवण्याची एक बाई होती. राजगड चढणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. ती म्हणाली, "दम लागला तर दम खाल्ला की जातो. ह्याला कितीबी दम खा, भागतच न्हाई." माझ्या शेजारी घोंगडीवर हिर्डोशीच्या वरच्या वाडीतले एक धनगर मामा होते. ते म्हणाले, "म्या शेरडांमागं सारा डोंगुर हिंडायचो. आता शेरडं म्होरं, अन म्या बांधाव. लोकं म्हनत्यात, म्हातारा झालास. आवं, म्हातारपण आसं एका तापात येतं व्हय?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसलो. किती दिवसांनी मी अशी हसले होते! मी एकटी नाही, हे कळायला मला त्या सतरंजीवर पडावं लागलं.

त्यानंतर प्रश्न बदलले. पूर्वी 'आज काय जमतं' एवढंच विचारायचे, आता विचारू लागले 'काल काय केलं होतं, आणि त्याचं आज काय झालं'. पुण्याच्या चकरा बंद झाल्या. रक्त भोरलाच घ्यायचे, बाकी विचारपूस फोनवर. मामांच्या वाडीत मोबाईलला रेंज नव्हती, तर त्यांची सून खालच्या वळणावर येऊन त्यांच्या वतीनं सांगायची.

मी आता गाडीवर नाही. डेपोतल्या साहेबांनी मला चौकशीच्या खिडकीत बसायचं काम दिलं. गाडी कुठली, कधी, कुठं लागणार, एवढं सांगायचं. मध्ये तासभर मागं सतरंजी टाकून पडते. त्या वेळेत तिथला सहकारी माझी खिडकी सांभाळतो, आणि मी कुठं आहे हे विचारणाऱ्याला परस्पर वाटेला लावतो. वाईट दिवस अजून येतात, पण आता ते येताना मला दिसतात, आणि मी आधीच हातातलं काम खाली ठेवते. ठेवलेलं काम घरात कुणीतरी न बोलता उचलतं.

गेल्या उन्हाळ्यात दुसरी आडवी बैठक झाली. डॉक्टरबाईंनी सरळच सांगितलं, "रक्तातून अजून ठाम असं काही हाती लागलेलं नाही. औषधही नाही. काम चालू आहे, पण तुम्हाला आज देण्यासारखं माझ्याकडं काही नाही."

शेजारून मामांचा आवाज आला, "खोटं न्हाई बोलला, बरं केलं. आमी हाय हितंच. अजून रगत लागलं तर घिऊन जावा."

डॉक्टरबाईंनी पडल्या पडल्याच डोळ्यांवर हात ठेवला. मामांनी उशालगतचा पानांचा द्रोण पुढं सरकवला. सुनेनं सकाळी डोंगरातून तोडलेली करवंदं होती त्यात. द्रोण हातोहात ओळीच्या शेवटापर्यंत गेला, आणि आम्ही सगळ्यांनी निजल्या निजल्या करवंदं खाल्ली. सतरंजीवर जांभळे डाग पडले. ते धुऊन द्यायला गुंजवण्याच्या बाईनं सतरंजी मागितली, तर कार्यालयाचा माणूस म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, तुमी निजा."