कडू पत्तीचा कोच

मुर्रीच्या मैदानावर सकाळी धावणाऱ्या आम्हा पोटवाल्यांचा तो स्वतःच झालेला कोच. त्याची कानटोपी भर उन्हाळ्यातही उतरत नसे. हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा, शेतावर पाणी नेतात तसला, आणि तुंब्यात येर्बा माते. त्याच्या जावयाने परदेशातून आणलेली चहासारखी पत्ती.

"एक घोट घ्या भाऊ. चरबी जळते, दम वाढते," असे म्हणत तो तुंबा पुढे करी. आम्ही धावून आलो की मनगट धरून, आभाळाकडे पाहत नाडी बघे आणि दरवेळी एकच निकाल देई. "सुधारून राहिली."

सुधारत होतीही. दिवाळीपर्यंत माझा पट्टा एक भोक आत गेला.

एका रविवारी मी सहज त्याच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला वाळत घातला होता आणि हा तो चुरून येर्बा मातेच्या पाकिटात भरत होता. मला पाहून जराही दचकला नाही.

"पत्ती तर कवाचीच संपली," तो म्हणाला.

"मग हा पाला कायले पाजून राहिले आम्हाला?"

"तुमचं पोट उतरून राहिलं ना? मग चुपचाप प्या."

सोमवारी मैदानावर एक नवे गृहस्थ आले. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडे केले. तो कानटोपी सारखी करत माझ्याकडे बघत राहिला.

"कडूच असते ती," मी त्यांना म्हणालो. "परदेशी आहे ना."