वहिनींच्या तपासणीला मी दिलेली मुदतवाढ

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उटनूरच्या कचेरीत कुणाच्या तरी अर्जावर सही करत होतो. सही पुरी केली, मगच उठलो. दीड महिना झाला, तरी त्या पुऱ्या केलेल्या सहीची लाज वाटते...

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, बोथच्या मराठी शाळेतल्या बाई. भाऊ लवकर गेला. पुढे मला शिकवून नोकरीला लावलं ते वहिनींनीच. मी सरकारी नोकर झालो तरी माझ्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ त्या लाल शाईने सुधारत आणि वर मार्कही देत. दहापैकी सहाच्या वर कधी गेलो नाही.

त्यांना लघवीला सारखी जळजळ व्हायची. औषधाने बरं वाटे, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. मूत्राशयाच्या आतल्या नाजूक अस्तरावर पांढरट, जाडसर चट्टा आला होता. तेवढा भाग बाहेरच्या कातडीसारखा होत चालला होता. असं क्वचित दिसतं, डॉक्टर म्हणाले. हा कॅन्सर नाही, पण पुढेमागे होऊ शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी दुर्बिणीने पाहायचं, बदल दिसला तर वेळीच काढून टाकायचं. मी धास्तावलो होतो. वहिनी मात्र परतताना गुडीहत्नूरला चहा पिता पिता म्हणाल्या, “आतापर्यंत पोरांची सहामाही घेतली भाऊजी, आता आपनच देऊन राह्यलो.”

तीन खेपा आम्ही नेमाने केल्या. तिन्ही वेळा चट्टा होता तसाच होता. मग माझ्या मुलीला, मृणालला, नागपूरचं स्थळ आलं. मुलाची मावशी नेमकी त्याच दवाखान्यात कामाला. सोयरीक ठरताना आमच्याकडे घरातलं दुखणं कुणी उघड करत नाही. घराण्यातच खोट आहे म्हणायला लोक टपलेले असतात. मी बोथला गेलो आणि वहिनींना म्हणालो, एवढी खेप राहू द्या, लग्न उरकलं की जाऊ. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे म्हणालो, “दुखण्याची जागाच अशी आहे वहिनी, लोक भलतासलता अर्थ काढतात.” ज्या बाईने मला वाढवलं तिला मी हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, “बरं भाऊजी. पोरीचं आधी.”

लग्न झालं. मग पहिले सणवार आले, मग माझी उटनूरला बदली. कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला पुढची तारीख देणं अंगवळणी पडलेलं असतं. दिवाळीत त्यांनी एकदाच विचारलं, “जाऊन येऊ का?” मी म्हणालो, मार्चनंतर पाहू. मार्च यायच्या आधीच लघवीतून रक्त गेलं. धावतपळत नागपूर गाठलं, पण दुखणं आतल्या स्नायूंत उतरलं होतं. पुढचे सगळे उपचार झाले, उपयोग झाला नाही.

तेरवीला विहीणबाई आल्या होत्या, मृणालच्या सासूबाई. माझ्याजवळ बसून डोळे पुसत म्हणाल्या, “साखरपुड्याच्या दिवशीच त्याईनं मले बाजूले नेऊन सारं सांगतलं होतं. लपवून पोरगी देऊन नाई राह्यलो, म्हने. आमाले त्यात काई वाटलं नाई.” त्या पुढे सांगत होत्या, “मंग मी दर फोनवर इचारो, तपासनी झाली काय? तं म्हनत, हो, भाऊजी वेळेवर घेऊन जाऊन राह्यले. मी म्हनो, मंग आमच्या घरी काऊन नाई येत? तं म्हनत, त्याईले सुट्टी नसते.”

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांना ठाऊक होतं. मला हे सांगितलं तर मी तोंडघशी पडेन म्हणून वहिनी बोलल्या नसतील. की मी आपणहून नेईन याची वाट पाहत होत्या... कोण जाणे.

“लय केलं तुमी त्याईचं,” विहीणबाई म्हणाल्या. आणि मी मान डोलावली.

त्यांच्या घरी दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी येते. म्हणून इथेच लिहितो. विहीणबाई, पहिल्या तीन खेपांनंतर मी वहिनींना नेलं नाही. जाऊन येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं.