बर्फावर दिलेला शब्द

सकाळची धार काढून उठत होतो, तेवढ्यात आमच्या पॅनलच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. "काका, सोपानराव गेले. बीडला नेलतं, पण न्हाई राहिले." मी काही बोलायच्या आत त्याचं पुढचं वाक्य, "आता दूध संघातल्या त्यांच्या जागेला पोटनिवडणूक लागंल. आपून आत्तापासनंच बघायला पायजे." हातातली बादली खाली ठेवली आणि गोठ्यातच बसलो. त्याला शिव्या हासडाव्यात असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं? सगळ्या तालुक्याच्या लेखी मी सोपानरावांचा विरोधक. शोकसभेला गेलो तर त्यांच्या माणसांनी मला बोलायला उठवलं नाही आणि माझ्या माणसांनी मला लवकर घरी आणलं. म्हणून जे तिथं बोलायचं होतं ते आज, महिना उलटल्यावर, इथं लिहितोय. आणि आधीच सांगतो, मला त्याचा अजून राग आहे. मेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायची रीत आहे, ती मला जमणार नाही.

आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडं. सोपान आणि मी एका बाकावरचे, एका विहिरीत पोहायला शिकलेले. तो मला नाम्या म्हणायचा, मी त्याला सोप्या. माझ्या लग्नात वरातीपुढं तो इतका नाचला की त्याच्या सासऱ्यानं त्याला बाजूला घेऊन दम दिला. मग तालुका दूध संघाची निवडणूक आली. एका पुढाऱ्यानं त्याला उभं केलं, दुसऱ्यानं मला. आम्ही दोघंही निवडून आलो, आणि त्या दिवसापासून सोप्याचा सोपानराव झाला, नाम्याचा नामदेवराव. भांडण कधीच झालं नाही हो... भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. रस्त्यात भेटलो की "नमस्कार" म्हणायचं आणि आपापल्या माणसांकडं बघायचं. संघाच्या बैठकीत टेबलाच्या एका बाजूला त्यांचं पॅनल, दुसऱ्या बाजूला आमचं. तो हो म्हणाला की मी नाही म्हणायचं. त्याला कारण लागत नसे.

तो अध्यक्ष असताना संचालकांचा परदेशातला अभ्यास दौरा ठरला. स्वित्झर्लंडमधल्या दूध संस्था बघायच्या होत्या. ठरला तेव्हा बरे दिवस होते. व्हिसे हातात आले तोवर विहिरींनी तळ दाखवला होता. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागं म्हातारी माणसं आणि हाडं वर आलेली जनावरं. टँकर आला की हंड्यांची मारामारी. अशात आम्ही कोट घालून विमानात बसलो, लोक काय बोलले असतील ते वेगळं सांगायला नको. विमानतळावरच दोन्ही पॅनलचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, गावाकडं एकही फोटो पाठवायचा नाही. सोपानच म्हणाला होता, "बर्फातला फोटो गेला तर लोक जोड्यानं हाणतील, आन बरोबर करतील."

तिथं एक दिवस मोकळा होता. दौऱ्याची व्यवस्था बघायला आमच्या सोबत आलेली केतकी नावाची पुण्याची मुलगी रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "काका, उद्यासाठी दोन सहली आहेत. एक तळ्यातली बोट आणि नंतर बाजार. दुसरी डोंगरावर जाणारी रेल्वे, दिवसभराची. वर पोचल्यावर ज्यांना हवं त्यांनी गाइडबरोबर हिमनदीवर चालायचं, बाकीच्यांनी गरम खोलीत बसायचं." तिला वाटलं, लोक सांगतील हे आवडलं, ते आवडलं. तिला बिचारीला काय माहीत सहकारातली माणसं! जेवण बाजूला सारून आम्ही बैठकच भरवली. सोपान उठला. "बीडला रेल्वे येणार, रेल्वे येणार ऐकता ऐकता आपले बाप वारले. आपून तरी कुठंतरी बसून घेऊ." सगळे हसले. आता तो रेल्वे म्हणाला म्हणजे मला बोट म्हणणं आलं. उठलो आणि ठणकावून सांगितलं, "हा अभ्यास दौरा हाय, डोंगर हुंगायला आलो न्हाई आपण. आमच्या बाजूचं मत बोटीला." केतकीनं हळूच विचारलं, "काका, बोटीत कसला अभ्यास?" मी तिच्याकडं बघितलंच नाही. खरं म्हणजे मला रेल्वेतच बसायचं होतं, लई मनातून. हात मोजले, त्यांचे जास्त भरले, आणि हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मग हिमनदीचा विषय निघाला. तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा, त्यात पॅनल नाही. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणी नुसताच भ्यालेला. सोपाननं मात्र हात वर केला. "नदी म्हणताय तर येतो की. आमच्या नदीत वाळू बी उरली न्हाई." मी त्या हाताकडं बघत होतो, आणि कसा कोण जाणे, माझाही हात वर गेला. माझी माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी त्यांचा खिसाच कापला. बाकी कुणाचा हात वर गेला नाही.

ती रेल्वे लाल होती, काचा छतापर्यंत. रुळांच्या मधोमध दाते होते आणि चढावर गाडी त्यांना धरून वर सरकायची. आम्ही पॅनलप्रमाणंच बसलो, मधली वाट सोडून. सोपान काचेला कपाळ लावून बसला होता. खाली हिरवीगार कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या धष्टपुष्ट गाई, जिकडं बघावं तिकडं झरे वाहतायत, आणि प्यायला कुणी नाही. सुरुवातीला सगळे आरडाओरडा करत होते, हळूहळू गप्प झाले. प्रत्येकाला आपला गोठा आठवत असणार. सोपानचा चेहरा काचेत दिसत होता. त्याचे वडील गेले तेव्हाही मी त्याचा चेहरा एवढा उतरलेला बघितला नव्हता.

वर बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले, हातात काठ्या दिल्या. गाइड म्हणजे उंच, उन्हानं रापलेली एक बाई. तिनं एक दोरी घेतली, स्वतःच्या कमरेला बांधली, मग सोपानच्या, मग माझ्या. मागं केतकी. दोन्ही पॅनलची माणसं वरच्या काचेतून बघत होती. थोडं चाललो आणि माझा पाय घसरला. दोरी ताणली गेली तसा पुढून आवाज आला, "बे नाम्या, नीट चाल की! मला बी घेऊन मरतो का?" आणि तो थांबला. मीही थांबलो. इतक्या वर्षांनी ते नाव कानावर आलं होतं... मी म्हणालो, "तू हळू चाल ना सोप्या, तुला कुठं मिटिंगला जायचंय?" मग तो जो हसायला लागला, गाइड बाईला वाटलं याला काही झालं.

बर्फावरून बारीक धारा वाहत होत्या. त्यानं हातमोजा काढला, ओंजळ भरून पाणी प्यायला आणि दात धरून बसला. बाईनं काठीनं खाली लांब एक खांब दाखवला. केतकीनं सांगितलं, या बाई लहान असताना बर्फ तिथपर्यंत होतं, दर वर्षी मागं सरकतंय. सोपाननं त्या खांबाकडं बघितलं. "म्हंजे हितं बी आटतंयच," एवढंच म्हणाला. नंतर बाई पुढं वाट चाचपत होती आणि केतकी मागं बुटांचे पट्टे आवळत होती तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "नाम्या, गावाकडं गेलो की मोकळं करू हे समदं. पॅनल-बिनल. आपले लोक पाण्यावाचून मरायलेत आन आपून हात मोजत बसलो. मीच बोलतो सगळ्यांपुढं. शब्द देतो." मी म्हणालो, "दे." केतकीनं त्याच्या मोबाइलवर आमचा फोटो काढला तो तेव्हाच.

आम्ही गावात पोचायच्या आधी तो फोटो पोचला. कुणी पाठवला कळेना. बर्फात उभे आहोत याचा लोकांना राग आलाच, पण त्याहून जास्त झोंबली ती दोरी. दोन पॅनलचे दोन पुढारी एकाच दोरीला! "आतून सेटिंग हाय," असं जो तो म्हणायला लागला. त्याच आठवड्यात संघाची चारा छावणी सुरू व्हायची होती. खुंट्या ठोकलेल्या, मंडप उभा, आणि सोपानच्या संचालकांनी राजीनामे खिशात घालून बैठक मागितली. बहुमत गेलं असतं तर छावणी उभी राहिली नसती. मंडपातच सभा झाली. मी मागं उभा होतो. आता तो शब्द पाळणार, असंच मला वाटत होतं. सोपान उठला. म्हणाला, "दोरी त्या गाइडनं बांधली. मी काय मागितली न्हवती. नामदेवरावांचा आन माझा काडीचा संबंध न्हाई, पुढं बी राहणार न्हाई." टाळ्या वाजल्या. राजीनामे खिशातच राहिले.

छावणी पाऊस पडेपर्यंत चालली. त्यानं जीव ओतला त्यात. सिरसाळ्यापर्यंत चाऱ्यासाठी फिरला, आणि माझ्या माणसांच्या जनावरांना एक पेंढी कमी पडू दिली नाही. माझे बैलही तिथंच होते. हे सगळं मला कळत होतं हो. पण छावणीत रांगेत उभा असताना तो समोर आला, "या नामदेवराव," म्हणाला आणि पुढं गेला. घरी येऊन मी रडलो. वाटलं, राहू दे, पाऊस पडला, छावणी उठली की येईल. छावणी उठली. निवडणुका आल्या, गेल्या. अध्यक्षपद दुसऱ्याकडं गेलं, तरी तो आला नाही. शब्द त्यानं दिला होता, यायचं त्यानं होतं. आजही मी हेच म्हणेन.

दहाव्यानंतर त्याच्या घरी गेलो, एकटाच. वहिनी आत बसल्या होत्या. मला बघून पदर सावरला आणि पहिलं वाक्य, "इतके दिस कावून न्हाई आले, भावजी?" मी म्हणालो, "त्यानं बोलावलं न्हाई." त्यांनी उठून चहा ठेवला. मग म्हणाल्या, "त्यो फोटो त्यांनीच मला धाडलता. कोण सोबत हाय बघ, म्हणून. लई खुशीत होते. माझा मोबाइल पुतण्याच्या हातात होता, त्यानं फिरवला. मंडपातून आले त्या दिशी जेवले न्हाई. मी म्हणलं, जाऊन या नामदेव भावजींकडं. तर म्हणले, कोणत्या तोंडानं जाऊ? त्याला यायचं आसलं तर येईल." मला तिथं बसवेना. चहा न घेताच उठलो.

पोटनिवडणुकीला मी उमेदवार दिला नाही. माझी माणसं रागावली आहेत, रागावू द्या. परवा संघाची बैठक झाली. यंदा पुन्हा पावसानं पाठ फिरवलीय, त्यामुळं विषय एकच, छावणी सुरू करायची का. सचिवांनी विषय वाचला, हात वर करायला सांगितले, आणि मी समोर बघितलं. त्या टेबलाशी मी नेहमी तेच केलं, आधी सोपानचा हात बघायचा, मग माझं ठरवायचं. समोर त्याची खुर्ची होती, टेबलाला चिकटवून ठेवलेली. दोन्ही बाजूंचे हात वर-खाली झाले, मोजून झाले. सचिव म्हणाले, "नामदेवराव, तुमचं?" मी खुर्चीकडंच बघत होतो. त्यांनी पुन्हा विचारलं.