कपाळावरची लाल टिकली

कीबोर्ड पुसताना एका पांढऱ्या पट्टीवर आजही बोट किंचित चिकटतं, आणि कामरगावच्या शाळेतलं ते गॅदरिंग आठवतं. तेव्हा मी तिथं मुलांना कीबोर्ड शिकवायची. गॅदरिंग तोंडावर आलेलं, म्हणून मी पट्ट्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल म्हणजे सा, हिरवी म्हणजे रे. मुलं भराभर वाजवू लागली, पालक खूश, मी त्याहून खूश. इंझोरीहून जीपनं येणारी एक मुलगी सगळ्यांत तयार, म्हणून तिलाच मी पहिली पाठवली. स्टेजवर मात्र साउंडवाल्याचा मोठा, कोरा कीबोर्ड होता. मंडपात सतरंजीवर बसलेले तिचे वडील शेजारच्याला सांगत होते, "आता आमचीच पोरगी हाय." आणि पोरगी बोटं हवेत धरून पट्ट्यांकडे नुसती बघत राहिली. काळ्या पट्ट्यांची जोडी शोधायची, तिच्या लगेच डावीकडे सा असतो, एवढं साधं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिनं कपाळावरची लाल टिकली काढली आणि कडेला उभ्या असलेल्या मला विचारलं, "म्याडम, सा कोन्ता हाय? टिकली कुठी लावू?" माइक चालू होता. अख्खा मंडप हसला. ती पुन्हा क्लासला आली नाही. आता नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी डोळे मिटून सा शोधायला लावते. पण त्या दिवशी तिनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मंडपासोबत मीही हसत होते.